गल्ल्यावरून उठताना

घरात पडण्याविषयी या सदरात आपण अनेकदा बोललो आहोत. न्हाणीघरातील ओली फरशी, रात्रीचा अंधार, पलंगाशेजारी दुमडलेली सतरंजी ही सारी मंडळी आता आपल्या चांगल्या परिचयाची आहेत. आज थोडे पुढे, ओटीवर जायचे आहे. ज्या घरांत ओटीचेच दुकान झालेले असते, त्या घरांच्या ओटीवर.

राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा हे गाव डोळ्यांसमोर आणावे. (नाशिकजवळची लष्करी छावणीची देवळाली निराळी, ही प्रवरेचे नाव लावणारी.) नगरपरिषदेचे गाव, भोवती काळ्या मातीत उभा ऊस, जवळच राहुरीचा सहकारी साखर कारखाना. अशा गावाच्या पेठेतील किराणा दुकान म्हणजे बहुधा एका कुटुंबाचा संसारच असतो. पुढे दुकान, मागे घर, वर माळा. पहाटे दूध येते तेव्हा मुलगा उठलेला असतो, दुपारी तो जेवायला आत गेला की सून बाहेर येते, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर जे बसलेले असतात ते सत्तरी ओलांडलेले आबा. कधी आबांच्या जागी आजी. आबांना कोणी कामगार म्हणत नाही. तेही स्वतःला तसे म्हणणार नाहीत. ‘दुकानात बसतो’ एवढेच सांगतील. आणि एखाद्या दिवशी साखरेच्या कट्ट्याला अडखळून ते पडले, तर घरातील मंडळी म्हणतील, ‘वय झालं, पाय घसरला.’

माझे म्हणणे असे की, ही कामावर झालेली इजा आहे आणि तिच्याकडे तशाच दृष्टीने पाहिले पाहिजे. शब्दाचा हा कीस निष्फळ नाही. पडण्याचे कारण वय मानले, की उपाय एकच उरतो: आबांना दुकानातून उठवून आतल्या खोलीत बसवणे. कारण तो कट्टा होता असे मानले, तर कट्टा हलवता येतो. एका उत्तरात माणूस जागचा जातो, दुसऱ्यात पोते. दोन्ही उत्तरांची किंमत सारखी नाही, हे ज्यांनी घरात निवृत्त, उदास वडील पाहिले आहेत त्यांना सांगावे लागणार नाही.

मोठ्या दुकानांच्या जगात याची मोजदाद होते. ब्रिटनमध्ये मालकांनी सरकारी सुरक्षा विभागाकडे कळवलेल्या, जीवावर न बेतलेल्या इजांपैकी सुमारे ३० टक्के इजा सपाट जमिनीवर घसरून, अडखळून वा पडून झालेल्या असतात. यंत्रात हात सापडणे, उंचावरून कोसळणे यांचे भय मोठे. पण सर्वांत जास्त माणसे जायबंदी होतात ती साध्या चालण्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी जगात पडण्यामुळे ६ लाख ८४ हजार मृत्यू होतात, आणि त्यांत साठीपुढील माणसांचा वाटा सर्वाधिक असतो. आपल्या पेठेतील आबांचे पडणे मात्र कोणत्याच वहीत जात नाही. ते नोकर नाहीत म्हणून कामावरच्या अपघातात नाहीत, आणि रस्त्यावर पडले नाहीत म्हणून पोलिसांच्या कागदातही नाहीत.

आता दुकानात शिरू या, आणि शिरताना खाली पाहू या.

पहिली अडचण पायरीचीच. रस्ता दर काही वर्षांनी डांबराने वर येतो, दुकानाचा ओटा आहे तिथेच राहतो. मग एक पायरी अर्धी बुडते आणि तिच्या वरची एकदम उंच होते. माणसाचा पाय पहिल्या पायरीवरून दुसरीची उंची गृहीत धरतो. सर्व पायऱ्या सारख्या असतील, तर उंच असूनही त्या चढता येतात. दोघींमध्ये दोन बोटांचा फरक असला, तर धडधाकट माणूसही ठेचकाळतो. पायरीपुढे गटार, गटारावर टाकलेली शहाबादी फरशी, आणि ती एका कोपऱ्यावर हलणारी. रोजच्या गिऱ्हाइकाला ती ठाऊक असते. रोजच्या गिऱ्हाइकाच्या आईला नसते.

ओट्यावर चढल्यावर शटरची रेघ येते. शटरचे कुलूप अडकवण्यासाठी जमिनीत पुरलेली लोखंडी कडी आपण किती वेळा पाहिली आहे? रात्री तिचे काम दहा सेकंदांचे. दिवसभर ती बरोबर दाराच्या मधोमध नख काढून बसलेली असते. चालताना आपला अंगठा जमिनीपासून फार वर जात नाही. पाऊल पुढे झुलत असताना बोटांखालचे अंतर अवघे एक-दोन सेंटिमीटर असते, आणि थकलेल्या किंवा सांधे दुखणाऱ्या माणसाचे पाऊल प्रत्येक वेळी तेवढेही उचलले जाईलच असे नाही. म्हणून गुडघाभर उंचीच्या पोत्यापेक्षा अर्ध्या इंचाची कडी अधिक घातक ठरते. पोते दिसते. कडी दिसत नाही.

पावसाळ्यात या कडीवर गोणपाट पसरलेले असते. हेतू चांगला: लोकांनी पाय पुसावेत. आपल्या भागातील काळी माती ओली झाली की तळव्याला चिकटते, एकीवर एक थर चढतो आणि चप्पल दुप्पट जड होते. ती माती दुकानात आली, त्यावर पाणी ठिबकले, की गुळगुळीत फरशीवर लोण्यासारखा थर तयार होतो. म्हणून गोणपाट हवेच. पण घडी घातलेले, एक कोपरा वर वळलेले, कडीवर उंचवटा करणारे गोणपाट हे स्वतःच एक अडसर आहे. त्याऐवजी जड, सपाट, खाली रबर असलेली पायपुसणी ओट्याबाहेर एक आणि आत एक अशी ठेवावी. लोखंडी पट्टीला पायरीच्या कडेने तळवा खरवडण्याची जुनी सोय काही दुकानांत अजून दिसते. ती फार उपयोगाची आहे, ती काढून टाकू नये.

फरशीविषयी एक गोष्ट आवर्जून सांगण्याजोगी आहे. जुन्या दुकानांत खडबडीत शहाबादी असे. नूतनीकरणात तिच्या जागी चकचकीत टाइल येते, कारण ती पुसायला सोपी आणि दिसायला श्रीमंत. कोरडी असताना ती फारशी त्रास देत नाही. तिच्यावर पाणी, तेल किंवा बारीक पीठ पडले, की तळवा आणि फरशी यांच्यामध्ये एक पातळ पदर तयार होतो आणि पकड नाहीशी होते. किराणा दुकानात या तिन्ही वस्तू दिवसभर सांडत असतात. शिवाय चौथी वस्तू आहे, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही: साबुदाणा. साबुदाणा, मोहरी, वाटाणे, हरभरे, जे जे गोल आहे ते पायाखाली छऱ्यांसारखे फिरते. उपवासाच्या आदल्या संध्याकाळी मापाच्या काट्याभोवतीची जमीन पाहावी. म्हणून केरसुणी दिवसातून दोनदा नव्हे, काट्याशेजारीच टांगलेली असावी आणि सांडले की तेव्हाच फिरावी.

तेल सांडले तर ओले फडके फिरवू नये. त्याने तेल फक्त पसरते, आणि पुसल्याचे समाधान मिळाल्यामुळे सावधपणाही जातो. आधी लाकडाचा भुसा किंवा जुन्या वर्तमानपत्राचे कागद टाकून तेल शोषून घ्यावे, मग गरम साबणाच्या पाण्याने घासून, साध्या पाण्याने धुऊन, कोरडे पुसावे. तोवर त्या जागेवर एक रिकामे खोके उभे करावे. मोठ्या दुकानांत पिवळी पाटी ठेवतात. आपल्याकडे बिस्किटांचे खोकेही तेच काम करते.

खोक्यांवरून आठवले. मालाच्या खोक्यांना बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी कापली, की तिचे कडे जमिनीवर पडते. एक पाय त्या कड्यावर पडतो, कड्याची दुसरी बाजू उभी राहते, दुसरा पाय त्यात अडकतो आणि माणूस बांधल्यासारखा पुढे कोसळतो. गावाकडे फासा लावून तितर धरतात, तोच हा प्रकार. पट्टी कापल्यावर तिचे दोन तुकडे करून ती तिथल्या तिथे पोत्यात टाकण्याची सवय दुकानातील पोराला लावावी.

मग माल येतो. टेम्पो सकाळी अकराला दारात, गिऱ्हाईक दारात, हमाल घाईत. पोती जिथे जागा मिळेल तिथे उतरतात आणि ‘नंतर लावू’ म्हणून दोन दिवस तिथेच राहतात. गल्ल्यापासून मागच्या दारापर्यंतची वाट, म्हणजे आबांची संडासाची वाट, या थप्प्यांमधून जाते. ही वाट किमान दोन हात रुंद आणि पूर्ण मोकळी असली पाहिजे. दुकानात इतर ठिकाणी कितीही गर्दी असो, या एका वाटेवर काहीही टेकवायचे नाही, असा नियम करावा आणि तिच्या दोन्ही कडांना रंगाची रेघ मारावी. रेघ मारली की पोते आपोआप रेघेपलीकडे राहते, असा अनेक कोठारांचा अनुभव आहे. त्या वाटेवर दिवसाही दिवा हवा. बाहेरच्या उन्हातून मागच्या काळोखात गेल्यावर तरुण डोळे लवकर सरावतात, वृद्ध डोळ्यांना बराच वेळ लागतो; आणि मोतीबिंदू असेल तर तेवढा वेळ ते पुरतेच आंधळे असतात.

उंचावरून पडण्याविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्यात वादाला जागा नाही. साठीपुढच्या माणसाने स्टुलावर, तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यावर किंवा पोत्यांच्या थप्पीवर चढू नये. वरच्या फळीवर रोज लागणारी वस्तू ठेवणे हीच चूक. कंबर ते खांदा या पट्ट्यात जो माल, तो रोजचा. वर ठेवायचा तो हलका आणि सणासुदीचा.

आतापर्यंत दुकानाचे झाले. आता गल्ल्यावरच्या माणसाकडे वळू या, कारण जमिनीइतकाच दोष बसण्यातही असतो. आबा गादीवर मांडी घालून बसतात. तास-दीड तास बैठक मोडत नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस अशा बैठकीत दाबली जाते. पायाला मुंग्या येतात, कधी पाऊल वर उचलणारे स्नायू काही क्षण काम करीत नाहीत आणि पंजा लोंबता राहतो. त्यात पायांकडे साचलेले रक्त. एवढ्यात बाहेरून हाक येते, ‘आबा, अर्धा किलो साखर द्या हो, पोरगं एकटं आहे घरी.’ आबा ताडकन उठतात. उभे राहिल्याबरोबर रक्तदाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, पंजा उचलत नाही आणि समोर कट्टा असतो. रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी होण्याच्या गोळ्या, पुरुषांना प्रोस्टेटसाठी देतात त्यांतील काही गोळ्या, झोपेची गोळी, या सर्वांनी ही अंधारी वाढू शकते. मधुमेहाने तळव्याची जाणीव बोथट झाली असेल, तर पाय कशावर पडला हेही मेंदूला वेळेवर कळत नाही.

उपाय साधे आहेत. गादीऐवजी पाठ आणि हात असलेली, गुडघ्याइतक्या उंचीची खुर्ची. ज्यांना गादीचा मान सोडवत नाही त्यांनी गादी उंच चौरंगावर घ्यावी आणि पाय खाली सोडून बसावे. उठण्यापूर्वी घोट्यापासून पंजे दहा वेळा वर-खाली करावेत, काठाशी सरकावे, गल्ल्याच्या फळीला धरून उभे राहावे आणि दोन श्वास घेऊन मगच पाऊल टाकावे. गिऱ्हाईक तेवढे थांबते. थांबले नाही, तरी अर्ध्या किलो साखरेचा नफा किती, याचा हिशेब आबांनाच अधिक चांगला येतो. उभे राहताना वारंवार अंधारी येत असेल, तर डॉक्टरांना बसून आणि उभे राहून असा दोन्ही वेळा रक्तदाब मोजायला सांगावे. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

चष्म्याचेही असेच. वर लांबचे आणि खाली वाचायचे अशी दुहेरी काच गल्ल्यावर सोयीची, पण तीच काच लावून पायरी उतरताना नजर खालच्या भागातून जाते आणि पायरीची कड धूसर दिसते. पायरीवर मान खाली झुकवून वरच्या काचेतून पाहावे, किंवा चालण्यासाठी लांबचा साधा चष्मा वेगळा ठेवावा. पायांत झिजलेली स्लीपर किंवा टाइलवर नुसते मोजे नसावेत. दुकानात देव्हारा आहे म्हणून जे अनवाणी वावरतात, त्यांनी कोरड्या फरशीवर तसे वावरण्यास हरकत नाही. मधुमेह्यांनी मात्र दुकानापुरती स्वच्छ, मागे पट्टा असलेली, वेगळी चप्पल ठेवावी.

घसरणे आणि अडखळणे यांतील फरक पडल्यानंतर उपयोगी पडतो. घसरताना टाच पुढे जाते आणि शरीर मागे पडते. मार कुल्ल्यावर, कण्यावर, डोक्याच्या मागच्या बाजूला. अडखळताना शरीर पुढे जाते. मार तळहातावर, मनगटावर, गुडघ्याच्या वाटीवर, तोंडावर. हातावर पडून मनगटाचे हाड मोडण्याचा जो नेहमीचा प्रकार आहे, त्याला डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कोलिस यांचे नाव आहे. त्यांनी त्याचे वर्णन १८१४ मध्ये केले, क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वी ८१ वर्षे. परंतु हातावर पडण्यासाठीही वेग लागतो. तरुण माणूस झपझप चालत असतो, म्हणून पुढे फेकला जातो. सावकाश चालणारा वृद्ध जागच्या जागी, कुशीवर कोसळतो, आणि सारा भार मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकावर, खुब्यावर येतो. हळू चालणे म्हणजे सुरक्षित चालणे ही समजूत म्हणून अर्धीच खरी आहे.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. पडलेला माणूस पडल्याचे लपवतो. दुकानात हे विशेषच घडते, कारण समोर गिऱ्हाईक असते. आबा लगबगीने उठतात, धोतर झटकतात, ‘काही नाही झालं, जरा बसलो होतो’ म्हणतात आणि पुन्हा गल्ल्यावर जाऊन बसतात. मुलाला सांगत नाहीत, कारण मुलगा म्हणेल, उद्यापासून दुकानात येऊ नका. हे भय निराधार नाही, म्हणूनच ते दूर करण्याची जबाबदारी मुलांवर येते. ‘पडलात तर दुकान बंद नाही होणार, फक्त सांगा,’ एवढे वाक्य आधीच, शांत वेळी, बोलून ठेवावे.

लपवण्याचा धोका दोन ठिकाणी मोठा असतो. एक खुबा. हाड मोडले म्हणजे माणूस उठूच शकणार नाही, असा आपला समज असतो. पण खुब्याच्या मानेशी मोडलेली हाडाची टोके कधीकधी एकमेकांत रुतून बसतात, आणि माणूस लंगडत का होईना, एक-दोन दिवस चालतो. मग एका पावलाला ती टोके सरकतात. म्हणून पडल्यानंतर जांघेत किंवा गुडघ्यात नवे दुखणे राहिले, चालताना वजन टाकवेना, तर क्ष-किरण चित्र काढूनच घ्यावे. (खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवते, त्यामुळे गुडघ्याला लेप लावण्यात आठवडा जातो.) दुसरे ठिकाण डोके. वृद्धपणी मेंदू किंचित आक्रसतो, त्याच्या आवरणाखालच्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. साध्या आपटण्यानेही त्यांतून थेंबथेंब रक्त साचत राहते. लक्षणे दोन-चार आठवड्यांनी दिसतात: सुस्ती, चालताना झोक जाणे, हिशेबात चुका, बोलण्यात गोंधळ. घरचे म्हणतात, म्हातारपण. चाळीस वर्षे तोंडी हिशेब करणारा माणूस महिन्याभरात सुटे पैसे देताना चुकू लागला, तर ते म्हातारपण नसते. एवढ्या वेगाने म्हातारपण येत नाही. डोक्याचा सीटी स्कॅन करावा, कारण हे रक्त काढता येते आणि माणूस पूर्ववत होऊ शकतो. हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डोके आपटल्यावर लक्षणांची वाटही पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

पडलेल्या माणसाला चार जणांनी धावून येऊन काखेत हात घालून उभे करणे ही आपली स्वाभाविक माया. ती तेवढ्यापुरती आवरावी. आधी त्यांना आहेत तसे पडू द्यावे. कुठे दुखते, मान दुखते का, हात-पाय हलतात का, हे विचारावे. एक पाय आखूड दिसत असेल आणि पंजा बाहेर वळला असेल, तर खुबा मोडला असे समजून हलवू नये, चोळू नये, खायला-प्यायला देऊ नये आणि १०८ ला फोन करावा. तेल लावून मालिश करणे आणि हाडे बसवणाऱ्याकडे नेणे यांत जे दिवस जातात, ते परत मिळत नाहीत. खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावी, हा आजचा सर्वमान्य दंडक आहे. अंथरुणावर पडून राहिलेल्या वृद्धाला मोडलेल्या हाडापेक्षा छातीतील कफ, पाठीच्या जखमा आणि पायांत गोठणारे रक्त अधिक लवकर गाठते. देवळालीसारख्या गावातून लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयात जायचे की अहिल्यानगरला, हे आधीच ठरलेले असावे. सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. ते कार्ड काढलेले आहे का आणि आपले रुग्णालय त्यात आहे का, एवढी चौकशी या आठवड्यात करावी. पडल्यावर कार्ड काढायला धावण्यात कोणाचेही हित नाही.

काहीच दुखत नसेल, तर उठण्याची रीत अशी: कुशीवर वळावे, मग दोन्ही हात आणि गुडघे टेकावेत, जवळ आणलेल्या खुर्चीवर हात ठेवावेत, बळकट पाय पुढे टेकून उठावे आणि लगेच खुर्चीवर बसावे. दुसऱ्याने फक्त खुर्ची धरावी.

दुकानात आबांखेरीज आणखी दोघे असतात आणि त्यांच्याविषयी न लिहिणे अन्याय होईल. एक हमाल, दुसरा मदतनीस पोरगा. पाठीवर पोते घेतलेल्या हमालाला आपली पावले दिसत नाहीत. तो स्मरणावर चालतो. त्याच्या वाटेत कोणी सकाळी नवे खोके ठेवले असेल, तर त्याला ते पडल्यावरच कळते, आणि तो एकटा पडत नाही, पोत्यासह पडतो. माणसाने उचलायच्या ओझ्यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये ५५ किलोंची मर्यादा सुचवली. त्यानंतरही आपल्याकडे शंभर किलोंची पोती वर्षानुवर्षे पाठीवर चढत राहिली, आणि ती पन्नास किलोंवर यावीत म्हणून बाबा आढाव आणि हमाल पंचायतीसारख्या संघटनांना दीर्घ काळ झगडावे लागले. हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. कामावरच्या अपघाताला भरपाई असावी हे तत्त्व तर १९२३ पासून आपल्या कायद्यात आहे. दुकानांसाठीच्या २०१७ च्या कायद्याने मालकावर कामगारांच्या आरोग्याची, स्वच्छतेची आणि उजेडाची जबाबदारी टाकली. परंतु तो करताना दहापेक्षा कमी कामगारांची दुकाने त्याच्या बहुतेक तरतुदींबाहेर ठेवली गेली. पेठेतील किराणा दुकान म्हणजे नेमके तेच. त्यामुळे पोरगा माळ्यावरून पडला, तर त्याच्या दवाखान्याचा खर्च आणि खाडे झालेल्या दिवसांची मजुरी ही मालकाच्या भलेपणावर अवलंबून राहते. बहुतेक मालक देतातही. पण ज्याचे पोट दुसऱ्याच्या भलेपणावर, तो पडल्याचे कधीच मोकळेपणाने सांगत नाही, आणि कारण तसेच राहते.

यासाठी एक सूचना करतो. दुकानात रोजकीर्द असतेच. तिच्या शेवटच्या पानावर पडण्याची नोंद ठेवावी: तारीख, वेळ, कोण, कुठे, पायाखाली काय होते. केवळ अडखळले, सावरले, तरी लिहावे. गिऱ्हाईक अडखळले तरी लिहावे. दोष कोणाला द्यायचा नाही, फक्त लिहायचे. दोन-तीन महिन्यांनी ते पान वाचले, की एकच जागा पुनःपुन्हा येताना दिसेल, आणि ती बहुधा आपल्याला वाटत होती ती नसेल.

शरीराची तयारीही दुकानातच करता येते. सकाळी शटर उघडल्यानंतर, गिऱ्हाईक येण्यापूर्वी, फळीला दोन्ही हातांनी धरून टाचा वर-खाली कराव्यात. मग एका पायावर दहा अंक मोजेपर्यंत उभे राहावे, मग दुसऱ्या. मग खुर्चीतून हातांचा आधार शक्य तितका कमी घेत पाच वेळा उठावे-बसावे. ज्यांना तोल अजिबात राहत नाही, त्यांनी शेजारी कोणी असतानाच करावे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेनच्या आढाव्यात, अशा व्यायामाने वृद्धांचे पडणे सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. यापेक्षा अधिक गुण देणारी गोळी अजून बाजारात आलेली नाही. दिवसभर सावलीत बसणाऱ्यांनी ‘ड’ जीवनसत्त्व आणि हाडांची घनता यांविषयी डॉक्टरांना विचारावे. विशेषतः एकदा मनगट मोडून गेलेल्या आजींनी, कारण ते मनगट पुढच्या खुब्याची आगाऊ सूचना असू शकते.

आणि तुम्ही दुकानदार नसून गिऱ्हाईक असाल, तर? वृद्ध गिऱ्हाइकाने पायरी न चढता रस्त्यावरून यादी द्यावी, सामान घरपोच मागवावे, हे खरेच. पण बाजारात जाणे ही तुमच्या दिवसातील चार माणसे भेटण्याची वेळ असते, ती सोडू नये. त्याऐवजी दुकानदाराकडे दोन गोष्टी मागाव्यात. दारात एक खुर्ची, आणि पायरीशेजारी भिंतीत पक्का बसवलेला लोखंडी पाइप, हाताच्या मुठीत मावेल एवढ्या जाडीचा, पहिल्या पायरीच्याही थोडा अलीकडून सुरू होणारा. गवंड्याचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. त्याच हाताने गटारावरची हलती फरशी सिमेंटमध्ये बसवून घ्यावी, पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारावा आणि शटरची कडी जमिनीच्या पातळीत खाली घ्यावी. मृगापूर्वी सांगितले तर गवंडी मिळतो. पाऊस लागल्यावर तो कोणाच्या तरी गळक्या छपरावर असतो.